तुम्ही विचारलंत म्हणून: वल्हं एका पात्याचं की दोन?

इथे कॅनडातल्या ओंटारिओत उन्हाळा लागला की ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "एकट्यानं कनू चालवायची तर सरळ कयाकसारखं दोन पात्यांचं वल्हं का घेत नाहीस? एका पात्यानं आमची होडी नुसती गोल फिरते."

फिरणारच. कनू म्हणजे वरून उघडी, निमुळती होडी; कयाक म्हणजे वरून बहुतेक झाकलेली, जिच्यात तळाशी बसतात ती. कनूत उजवीकडून वल्हं मारलं की नाक, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे वळतं. दोन पात्यांत डाव्या-उजव्याचा हिशोब आपोआप जुळतो, म्हणून पहिल्याच तासात सरळ जाता येतं. ही सोय मोठी आहे. तरीही शिकायचं असेल तर माझं उत्तर एका पात्याचं वल्हं हेच, कारण गोल फिरण्यावरचा इलाज मनगटात आहे आणि तो दोन-चार संध्याकाळींत येतो.

त्याला जे-स्ट्रोक म्हणतात. पातं पुढे पाण्यात उभं घालायचं, मागे खेचायचं, आणि ते कमरेशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा. पात्याची जी बाजू इतका वेळ पाणी रेटत होती, ती आता होडीच्या बाहेरच्या अंगाला येते. तिनं बाहेर हलकासा रेटा दिला की वळू लागलेलं नाक जागेवर येतं. बहुतेक नवशिके अंगठा वर वळवतात. होडी त्यानंही सरळ होते, पण दर फटक्याला ब्रेक लागतो. एवढं वल्हवूनही पुढे का सरकत नाही असं वाटलं, तर आधी अंगठा बघा.

हे हातात बसलं की पातं पाण्याबाहेर न काढताच, धारेनं कापत पुढे नेता येतं. आवाज जवळपास होतच नाही. ओंटारिओतल्या अल्गाँक्विन पार्क या जंगलातल्या ओढ्यांत बीव्हर (पाण्यात बांध घालणारा प्राणी) किंवा मूस (मोठं हरीण) जवळून बघायचा असेल तर याला तोड नाही. त्या अरुंद ओढ्यांत दोन्ही बाजूंनी अल्डरची झुडपं आत आलेली असतात; लांबलचक दुहेरी वल्हं तिथे दर फटक्याला फांद्यांत अडकतं. शिवाय वर उचललेल्या पात्यावरून पाणी ओघळून थेट मांडीवर येतं. जुलैत ते चालतं. मे महिन्यात, बर्फ नुकताच वितळलेला असताना, अजिबात चालत नाही.

पण वारा सुटला की माझं मत बदलतं, आणि ते बदलायलाच हवं. ओपियाँगो हा पार्कमधला सर्वांत मोठा तलाव. तिथे दुपारी समोरून वारा आला, की एका पात्याचा फटका संपून पुढचा लागेपर्यंतच्या क्षणात हलकी होडी थबकते, नाक भरकटतं. दुहेरी वल्ह्यात एक पातं बाहेर निघतंय तोवर दुसरं पाण्यात जातं, वेग तुटत नाही. अशा वेळी मी दुहेरी वल्हं काढते आणि बॅग पुढे सरकवते, म्हणजे नाक जड होऊन वाऱ्यानं उडत नाही. उघड्या पाण्यावर एकटं असताना एका पात्याच्या परंपरेचा हट्ट कशाला?

आणि परंपरा तरी एकच कुठे आहे? 1883 साली जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा साठी ओलांडलेला, क्षयानं खंगलेला माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरोंडॅकच्या तलावांतून एकटा फिरला. रश्टन या कारागिरानं त्याच्यासाठी बांधलेली कनू जेमतेम 9 फुटांची आणि पावणेपाच किलोंची होती. ती त्यानं दोन पात्यांच्या वल्ह्यानंच चालवली. त्या होडीत तळाशीच बसायचं असतं, तिथे तेच वल्हं योग्य.

म्हणजे तुम्ही किती उंचावर बसता आणि होडी किती रुंद आहे, हे आधी बघा. कयाकचं 220 सेंटिमीटरचं वल्हं कनूत आणलंत तर ते काठावर आपटत राहील. साधारण 240 ते 260 लागतं. एका पात्याचं सरळ दांड्याचं वल्हं 54 ते 58 इंचांत मिळतं. वाकड्या दांड्याचं त्याहून आखूड असतं. ते बाजू बदलत भराभर वल्हवणाऱ्यांसाठी, जे-स्ट्रोक शिकायला नको.

पहिली खरेदी लाकडी, एका पात्याची करा. दुहेरी वल्हं नंतर घ्या, मधून सुटणारं. त्याचे दोन तुकडे कनूच्या दोन काठांना जोडणाऱ्या आडव्या दांडीला बांधून ठेवले की जादा वल्ह्याची सोय होते, आणि जादा वल्ह्याशिवाय एकट्यानं निघूच नका.