जुलैत वेस्ट हायलँड वे करताय? आधी मिजचं वाचा

जुलै-ऑगस्टमधे तंबू घेऊन वेस्ट हायलँड वे, म्हणजे स्कॉटलंडमधली लांब पल्ल्याची पायवाट, करायचा विचार असेल तर तिथल्या मिज, म्हणजे चावऱ्या चिलटांमुळे माझं स्पष्ट मत, करू नका, मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. मुलांच्या सुट्ट्या आणि भारतातनं येणारे पाहुणे यामुळे जुलैच वाट्याला आला असेल तर पुढचं वाचा.

मला सगळ्यांनी पावसाची भीती घातली होती. मिजबद्दल फक्त एवढंच, "छोटी चिलटं असतात रे, कोकणात वाढलायस तू, तुला काय त्याचं." कोकणात वाढलोय म्हणूनच सांगतो, डास परवडला. डास गुणगुणत येतो, एक-दोन येतात, फटका मारता येतो. ही जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, आवाज नाही, हजारोंनी येतात, नाकात, कानात, भुवयांत, केसांच्या मुळाशी, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतनं आरामात आत.

मल्गाय ते फोर्ट विल्यम ९६ मैल म्हणजे १५४ किमी, त्यातला रोवर्डेनन ते इन्व्हररनन हा लॉख लोमंड या तळ्याच्या काठाचा पट्टा खरा वैताग. मुळं, दगड, ओल्या शिळांवर चढ-उतार, स्पीड ताशी दोन किमीवर येतो. वर दाट झाडी, त्यामुळे वारा नाही. सगळं गणित या वाऱ्यावर आहे. साधारण ताशी १० किमीच्या वर वारा असला की मिज उडूच शकत नाहीत, आणि तुम्ही चालत असाल तरी फारशा त्रास देत नाहीत. थांबलात की संपलं. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर त्या येतात, चावतात फक्त माद्या, आणि एकीला रक्त मिळालं की तिच्या वासाने बाकीच्या गोळा होतात. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत झाकून घेतलं नाही तर पुढचा तासभर पंगत.

इन्व्हरस्नेडच्या पुढे तंबूसाठी एक जागा मला अगदी कौतुकाने सुचवली होती, मऊ गवत, पाणी दोन पावलांवर, तिन्ही बाजूंनी झाडं. सुचवणारा एप्रिलमधे गेला होता हे नंतर कळलं. ढगाळ संध्याकाळ, पाऊस नुकताच थांबलेला, वारा शून्य. तंबूचे पोल घालताना दोन्ही हात अडकलेले असतात आणि तेवढ्यात मनगटं काळी झालेली. चहात मिज, भातात मिज. सकाळी शौचाला बसायचं कसं यावर मी जास्त लिहीत नाही, पण खिशात रिपेलंट (किडे दूर ठेवणारं औषध) ठेवा आणि तिथेही लावा.

तर जागा निवडताना निवारा आणि व्ह्यू विसरा, उघडी, उंचवट्यावरची, वारा लागणारी जागा बघा, दलदल आणि ब्रॅकनचं (नेच्याचं) रान टाळा. (बाल्माहा ते रोवर्डेननच्या थोडं पुढेपर्यंत मार्च ते सप्टेंबर कॅम्पिंगला परमिट लागतं, ते आधी काढा.) गॅस रात्री पेटवूच नका, त्यासाठी एका जागी थांबावं लागतं, आणि तंबूच्या आत तर अजिबात नाही, आग आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हीची भीती. मी शेवटी ठेपला आणि शेंगदाण्याची चटणी फेऱ्या मारत खाल्ली. येडा दिसतो माणूस, पण कॅम्पसाइटवर सगळेच वाट्या घेऊन फेऱ्या मारत होते.

हेड नेट, म्हणजे डोक्यावरनं घालायची जाळी, घ्याच, बारीक जाळीचं आणि काळ्या रंगाचं, त्यातनं नीट दिसतं, आणि ते टोपीवरनं घाला, जाळी नाकाला टेकली तर तिथून चावतात. कपडे फिक्या रंगाचे. २० टक्के पिकारिडिनवालं रिपेलंट चांगलं चाललं. डीईईटी (DEET) हे दुसरं रसायन असलेलं पण चालतं पण घड्याळाचा प्लास्टिक पट्टा आणि गॉगल खराब करतं. सनस्क्रीन लावायचं असेल तर आधी ते, मग रिपेलंट. सिट्रोनेलाचे मनगटी बँड म्हणजे पैसे पाण्यात. खाजेवरची सेटिरिझिनची गोळी ब्रिटनमधे सुपरमार्केटात स्वस्तात मिळते, ती न्या. माझं नेट झुडपात अडकून फाटलं आणि वाटेतल्या एका दुकानात तसलंच १४ पौंडांना घ्यावं लागलं, ग्लासगोत मी पाचला घेतलं होतं! एक जास्तीचं ग्लासगोतनंच उचला, वजन काहीच नसतं.

पुढचं रॅनॉक मूर हे उघडं माळरान मस्त, भन्नाट वारा, एक मिज नाही, सांगण्यासारखं काही नाही. डेव्हिल्स स्टेअरकेस या चढाचा नुसता नावाचा दरारा, माथा ५४८ मीटर, हरिश्चंद्रगड केलेल्याला हसू येईल.

स्कॉटलंडच्या मिजमुळे माणसाला रोग होत नाही, खाज तेवढी. गोचीड मात्र गंभीर, लाइम रोग होऊ शकतो, रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासा आणि गोचीड काढायचा चिमटा जवळ ठेवा. आणि संध्याकाळी वारा पडलेला असेल तर सरळ बंकहाऊसमधे (वाटसरूंच्या स्वस्त सामायिक मुक्कामघरात) बेड घ्या, जुलैत ते भरलेले असतात म्हणून निदान इन्व्हररनन आणि किनलॉखलेव्हनचं बुकिंग घरूनच करून निघा.