वाशीतून आणलेली संत्री आणि आईची बासुंदी
फेब्रुवारी लागला की वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, नागपुरी संत्री यायला लागतात आणि मी ऐरोलीहून पिशवी घेऊन निघतेच, कारण आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना फुललेली, संत्री दिवाळीच्या आसपास येतात ती जरा आंबट लागतात मला, ही मात्र मस्त गोड. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण खरी ओळख म्हणजे सैल साल, अंगठा लावला की सुटते.

यावेळी संत्रा बासुंदी केली. पहिल्यांदा केली तेव्हा गरम दुधातच फोडी टाकल्या आणि दूध फाटलं, दीड लिटर गेलं हो! आंबटपणामुळे होतं ते. आई म्हणाली, "अगं, बासुंदी फ्रीजमध्ये पूर्ण गार होऊ दे, मग फोडी घाल." फोडींचा पातळ पापुद्रा आणि बिया काढायच्या, वेळ जातो पण तोंडात नुसता गर येतो ना, त्याची मजाच वेगळी. वाढायच्या आधी वरून थोडी साल किसायची, फक्त केशरी भाग, आतला पांढरा आला की कडू झालंच.

उरलेल्या साली सावलीत वाळवल्यात, उटण्याला होतील.