नागिणीनंतरची आग आणि डिप्रेशनची गोळी

नागीण उठली ती डाव्या कुशीला. पाठीच्या कण्यापासून निघून छातीच्या खालून पुढे, पट्टा ओढल्यासारखी. तीन आठवड्यांत फोड वाळले, खपल्या पडल्या आणि घरातल्यांच्या लेखी आजार संपला. माझं दुखणं मात्र तिथून पुढे सुरू झालं. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात असं म्हणतात. मी पहिले चार दिवस घामोळं समजून पावडर लावत बसले होते.

दुखणं म्हणजे काय ते सांगणं अवघड. आग होते, मधूनच वीज चमकावी तशी सणक जाते, आणि गंमत म्हणजे तीच जागा बोटाने दाबली तर बधिर लागते. जोरात दाबलेलं चालतं, पण कापड नुसतं घासलं तरी जीव जातो. ब्लाउजची शिवण टोचते म्हणून मी घरात जुने मऊ कुडते उलटे घालायला लागले. पंख्याचा वारा नको, चादर नको. रात्री एका कुशीवर झोपून सकाळची वाट पाहायची. साध्या वेदनाशामक गोळ्या घेऊन झाल्या. पोट बिघडलं, आग तशीच. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रेगाबालिनने थोडा फरक पडला, पण पाय सुजले आणि जिना उतरताना तोल जायला लागला, म्हणून ती थांबवली.

पाचव्या महिन्यात वेदनांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दहा मुद्द्यांची एक प्रश्नावली काढली. सात प्रश्न तोंडी, तीन गोष्टी ब्रश आणि टोकदार काडीने तपासून. चार किंवा जास्त गुण आले तर दुखणं मज्जातंतूंचं असण्याची शक्यता मोठी. मला सात मिळाले. परीक्षेत इतका आनंद कधी झाला नव्हता, कारण तोवर दोन जणांनी "वयाचं आहे, मन रमवा" असं सांगून परत पाठवलं होतं.

आणि मग त्यांनी चिठ्ठीवर अमिट्रिप्टिलीन लिहिलं. घरी येऊन डब्यातला माहितीचा कागद उलगडला, तर पहिल्याच ओळीत नैराश्य. कागद घडी करून ठेवला आणि गोळी घेतली नाही. बारा दिवस. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, मनाच्या गोळ्या कशाला? एकदा लागल्या की सुटत नाहीत." मला सवयीची भीती कमी होती, अपमान जास्त वाटत होता. म्हणजे यांचंही मत तेच, सगळं मनातच आहे.

पुढच्या भेटीत हे मी तोंडावर विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "तुम्ही उदास आहात म्हणून देत नाहीये. उदास असतात तर एवढ्या डोसने भागलं नसतं." नैराश्यासाठी हे औषध साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम देतात, मला लिहिलं होतं 10. मेंदूकडून मज्जारज्जूत खाली उतरणाऱ्या काही वाटा असतात, त्या वर येणाऱ्या वेदनेला लगाम घालतात. त्या लगामासाठी नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन लागतं, थोडं सेरोटोनिन हे तसलंच दुसरंही. मज्जापेशी ते सोडतात आणि लगेच परत शोषून घेतात. हे औषध ते शोषणं मंदावतं, म्हणजे लगाम जरा जास्त वेळ आवळलेला राहतो. शिवाय चिडलेल्या नसांतले सोडियमचे दरवाजेही ते काही प्रमाणात बंद करतं. नागिणीनंतरच्या दुखण्यावर 1982 मध्ये 24 जणांवर याची चाचणी झाली होती, त्यातल्या 16 जणांना चांगला आराम पडला, आणि बहुतेक जण मुळात उदास नव्हतेच. हे ऐकल्यावर माझा राग निम्मा उतरला.

हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे उरलेला निम्मा आकड्यांनी उतरला. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात या जातीच्या जुन्या औषधांचा आकडा 3.6 आला होता. म्हणजे साधारण चार जणांनी घ्यावं तेव्हा नकली गोळीपेक्षा जास्तीच्या एकाचं दुखणं निम्म्यावर येतं. मी विचारलं, "निम्म्यावर? जात नाही?" ते म्हणाले, "जाईल असं मी म्हणणार नाही." याच वाक्याने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ड्युलॉक्सेटिन हे नवं औषधही त्यांनी समोर ठेवलं होतं. पण त्याचा भक्कम पुरावा मधुमेहाने बिघडलेल्या नसांचा आहे आणि माझा रक्तदाब आधीच वरच्या बाजूला असतो, म्हणून ते मागे ठेवलं. नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळ्या, ज्या फक्त सेरोटोनिनवर चालतात, त्यांचा नसांच्या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही, हेही तेव्हाच कळलं.

सुरू करण्याआधी ईसीजी झाला, कारण हे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. डोळे तपासून घेतले. काचबिंदूच्या एका प्रकारात ते घातक ठरतं. पुरुषांना प्रोस्टेटचं विचारतात, लघवी अडू शकते म्हणून. मी कपाटात ट्रॅमाडॉल या जोरकस वेदनाशामकाच्या उरलेल्या गोळ्या ठेवल्या होत्या, रात्र अगदीच कठीण गेली तर म्हणून. त्या या औषधाबरोबर घ्यायच्या नाहीत असं त्यांनी बजावलं, सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. न विचारता घेतल्या असत्या मी, हे कबूल करते.

पहिला आठवडा वाईट. तोंड असं कोरडं की जीभ टाळूला चिकटावी, शौचाला त्रास, आणि सकाळी डोक्यात कापूस. एका ताळेबंदात मी तीच रक्कम दोनदा धरली. माझ्याकडून अशी चूक वीस वर्षांत झाली नव्हती. दुखणं? जसंच्या तसं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की त्रास पहिल्या दिवसापासून आणि गुण दोन-तीन आठवड्यांनी, आणि लोक नेमके मधल्या दिवसांत सोडतात. म्हणून एका वहीत रोज रात्री शून्य ते दहातला एक आकडा लिहायचा. सुरुवातीला सगळे सात. तिसऱ्या आठवड्यात सहा, सहा, पाच, पुन्हा सात. वही नसती तर मला फक्त तो शेवटचा सात आठवला असता.

गोळी झोपताना न घेता संध्याकाळी आठला घ्यायला लागले, सकाळ बरीच मोकळी झाली. डोस 25 वर गेला तेव्हा आकडा चारवर आला, पण वजन अडीच किलोनी वाढलं आणि डोक्यातला कापूस परतला. तेव्हा नॉरट्रिप्टिलीनवर बदललं. अमिट्रिप्टिलीनपासून शरीर स्वतःच ते बनवतं, आणि ते सुस्ती कमी आणतं. त्यावर 20 मिलिग्रॅमला आकडा तीन-चार. रात्री सलग पाच तास झोप. ताईने विचारलं, "मन कसं आहे?" मी म्हटलं, "मन होतं तसंच आहे गं, कूस बरी आहे."

एक शंका मात्र सतावत होती. नागिणीनंतरचं दुखणं पुष्कळांचं काळानेही ओसरतं. मग गुण गोळीचा की महिन्यांचा? आठव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून 20 वरून 10 वर आले. एकदम बंद करायचं नाही, नाहीतर मळमळ, बेचैनी, झोप उडणं असे प्रकार होतात. नऊ दिवसांत वहीतला आकडा तीनवरून पाचवर गेला, आणि मी निमूट 20 वर परतले.

यातून पक्कं सिद्ध काही होत नाही. गोळी कमी केल्याचं मला माहीत होतं, आणि माहीत असलं की माणूस दुखणं शोधत बसतो. चार महिन्यांनी पुन्हा 10 वर उतरून पाहायचं ठरलंय. तोवर कुडते उलटेच घालते. दुखतं म्हणून कमी, सवय लागली म्हणून जास्त.