वजन वाढत होतं, म्हणून ते खूश होते

धाप लागलेली असतानाही काकांनी पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. "सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं... रोज लिहिलंय." एवढं बोलतानाही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

पट्टीने आखलेले रकाने, तारीख आणि वजन. ६४.२, ६४.४, ६४.९, ६५.७, ६६.६... बाराव्या ओळीत ६९.१. एकही दिवस चुकला नव्हता. काकू म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, आता अंग धरतंय. एवढ्या आजारपणानंतर बरं वाटलं हो."

ते अंग धरणं नव्हतं. बारा दिवसांत जवळजवळ पाच लिटर पाणी साठलं होतं. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहत होता. झोपताना एक उशी पुरायची, तिथे तीन लागत होत्या. गुडघे दुखतात म्हणून ते दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेत होते. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, आणि हृदय कमजोर असलेल्या माणसाला हे सांगायलाच हवं.

पहिल्या डिस्चार्जच्या वेळी त्यांना समजावून सांगणारी मीच होते. फाइलमधल्या 'रुग्णशिक्षण दिले' या चौकटीत खूण माझी, सही माझी. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं, हे मी नीट सांगितलं होतं आणि काकांनी ते तंतोतंत पाळलं. आकडा वाढला तर काय करायचं, ते पुस्तिकेत छापलेलं होतं. ती पिशवीच्या तळाशी, घडीही न मोडलेली सापडली.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' म्हटलं आणि काकूंना त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही. आपल्याकडे 'हार्टफेल झालं' म्हणजे माणूस गेला. हृदय बंद पडलेलं नाही, त्याची पंप करण्याची ताकद कमी झाली आहे, एवढं एक वाक्य आधी बोलायला हवं होतं. पण डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधं, खाली थांबलेली गाडी या धांदलीत शिकवायला दहा मिनिटं मिळतात, आणि खूण केली की शिकवलं असं सगळे धरून चालतात. हे मला अजिबात पटत नाही.

या वेळी शिरेतून फ्युरोसेमाइड देऊन पाणी उतरवलं. धाप कमी झाल्यावर मी खुर्ची ओढून बसले. एक लिटरची भरलेली बाटली काकांच्या हातात दिली. "हा एक किलो. अशा पाच बाटल्या तुमच्या अंगात होत्या." ते बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग सांगितलं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी आम्हाला फोन. पाय सुजले, उशा वाढवाव्या लागल्या, तरीही फोन. दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही.

"समजलं का?" असं विचारलं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल, ते मला सांगा," म्हटलं. पहिल्यांदा गोळीचं राहिलं. दुसऱ्यांदा सगळं बरोबर आलं.

मग त्यांनी आपणहून जुनी वही उघडली. एकेका ओळीवरून बोट खाली आणलं, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ६६.६ वर थांबले.

"इथे फोन करायला हवा होता ना, सिस्टर?"

"हो काका. सात दिवस आधी."