द्राक्षं तपासतो, मग विहिरीचं पाणी का नाही?

नाशिकच्या निफाड, दिंडोरी साईडला द्राक्षं युरोपला पाठवायची म्हटलं की बागेची नोंदणी, लॅबमध्ये रेसिड्यू टेस्ट, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, सगळा रेकॉर्ड, आणि फवारलेल्या औषधाचा अंश लिमिटच्या वर निघाला तर माल जात नाही. म्हणजे विज्ञान बघून नियम पाळणं आपल्याला जमतं. मग बागेशेजारच्या विहिरीचं पाणी आपली पोरं पितात, त्याला हीच शिस्त का नको?

पिकानं न घेतलेलं युरियातलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि उकळून पण ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, हे घराघरात सांगायलाच पाहिजे. आपल्या मानकात लिमिट लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. असल्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध बाटलीनं पिणाऱ्या तान्ह्या बाळांना सगळ्यात जास्त धोका, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होते.

युरोपनं १९९१ मध्येच नायट्रेटसाठी वेगळे नियम केले, पाणी मोजायचं, धोक्याचे भाग ठरवायचे आणि तिथं खत कधी, किती टाकायचं यावर बंधन घालायचं.

आपल्याकडं माती परीक्षण आहे, ठिबक आहे, जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासायची किट पण दिलीत. हे सगळं एकमेकाला जोडा ना! पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरी तपासा, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि नायट्रेट वाढलं तिथं शेतकऱ्याला दंड नको, कृषी सहायकानं बांधावर येऊन खताचा डोस ठरवून द्यावा. सुरुवातीला नुसत्या कांद्याच्या पिकाला असा डोस ठरवून दिला तरी चालेल.