चौरासी कुटिया आणि दार न उघडणारी प्रुडन्स

हरिद्वार झालं, आरती झाली, गर्दीत चपला शाबूत राहिल्या. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. ऋषिकेशला मावशी गंगेसाठी आली होती आणि मी एका पांढऱ्या कव्हरच्या डबल एलपीसाठी, बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'साठी.

फेब्रुवारी १९६८मध्ये बीटल्स हा इंग्लिश बँड महर्षी महेश योगींच्या ज्या आश्रमात येऊन राहिला, त्या चौरासी कुटियाला राम झुल्यापासून चालत जाता येतं. बरीच वर्षं ओसाड पडलेली ही जागा आता राजाजी व्याघ्र प्रकल्पात येते, तिकीट काढून आत जायचं. शिरल्याशिरल्या दगडगोट्यांच्या अंडाकृती कुट्या आणि फोटोसाठी झुंबड. "बीटल्सचा जॉन लेनन इथेच ध्यानाला बसायचा," एक गाइड ठासून सांगत होता. अहो, त्या कुट्या सत्तरच्या दशकातल्या! मी तसं म्हटल्यावर त्याच्या ग्रुपमधल्या काकांनी पैसे बुडवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

पुढे पडझड झालेल्या खोल्यांपाशी जरा शांतता मिळाली. पायरीवर बसून एक इअरफोन मावशीच्या कानात दिला आणि 'डियर प्रुडन्स' लावलं. अभिनेत्री मिया फॅरोची बहीण प्रुडन्स इथं ध्यानात अशी बुडाली की खोलीतून बाहेरच येईना. जॉनचं गाणं तिला विनवतंय, बाहेर ये, खेळायला ये.

"म्हणजे ध्यान तिनंच केलं की," मावशी म्हणाली. "हे बसले गाणी करत."

खरंच आहे. आणि बरंच झालं! आदल्या वर्षीच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमसाठी चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा बोलावणारी ही माणसं इथं साध्या गिटारी घेऊन बसली होती. सोबत आलेल्या गायक डोनोव्हननं जॉनला बोटांनी तारा छेडायची पद्धत इथेच शिकवली. या गाण्यात तीच ऐकू येते: वरचे सूर जागच्या जागी घुमत राहतात, खालचा सूर पायरी पायरी उतरतो. शेवटी ड्रम उसळतात, ते पॉल मॅकार्टनीचे. लंडनच्या त्या रेकॉर्डिंगच्या वेळी बँडचा ड्रमर रिंगो रुसून बँड सोडून गेला होता.

इथं रचलेली बरीच गाणी त्या 'व्हाइट अल्बम'मध्ये आली. त्यात तीस गाणी फार झाली, असं निर्माते जॉर्ज मार्टिन यांचंही मत होतं. त्यांना निवडक गाण्यांची एकच एलपी हवी होती. मला नाही पटत. गाळून, घासूनपुसून काढलेला अल्बम कुणीही करेल. या अल्बममध्ये चौघांची चार तोंडं, त्यांचे लाड, त्यांचा फाजीलपणा, सगळं तसंच ठेवलंय. म्हणून तर तो पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो. परतीच्या गाडीत हे सगळं मी मावशीला तावातावानं पटवलं आणि त्याच भरात त्यातलं 'रिव्होल्यूशन ९' लावलं. आठ मिनिटांचा तो आवाजांचा गोंधळ तिनं दोनेक मिनिटं सोसला.

"तुझा फोन बिघडलाय का रे?"