काशाची वाटी

डोंबिवलीला उतरते तेव्हा साडेसात वाजून गेलेले असतात. सीएसएमटीपासून बहुतेक वेळ उभ्यानेच येते, त्यामुळे जिना चढताना पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. घरी आल्यावर आधी हातपाय धुते, देवापाशी निरांजन लावते. फोन फडताळात ठेवते.

जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की आजीची काशाची वाटी काढते. तांबं आणि कथील यांचं हे मिश्रण. जड, बुडाला गुळगुळीत. आजी उन्हाळ्यात आम्हा सगळ्या नातवंडांना ओळीने बसवून तळपाय घासून द्यायची. तळव्याला चमचाभर साजूक तूप लावायचं आणि वाटी गोल गोल फिरवायची. टाचेवर जोर द्यायचा, खळग्यात हलका हात. थोड्या वेळाने तूप काळं पडतं. आजी म्हणायची, "बघ, उष्णता निघाली." पुढे मला कळलं की तूप आणि घाम धातूला लागून तो काळा रंग येतो. तरीही तो दिसला की माझे खांदे आपोआप सैल होतात.

हल्ली आईचेही पाय मीच चोळते. तिच्या टाचांना भेगा आहेत, तिथे वाटी अगदी सावकाश फिरवावी लागते. त्या दहा मिनिटांत आम्ही फारसं बोलत नाही. काल ती बसल्या बसल्याच झोपली. मी तिच्या पायांवर जुनी गोधडी घातली आणि निरांजनाची वात विझेपर्यंत तिथेच बसून राहिले.